तिघांपुरती गाडी

नवऱ्याने स्नोमोबाइल विकत घेतली तेव्हा मी एवढंच म्हटलं, की उंट घेतलास, आता वाळवंटही बघून ठेव. जर्मनीत हौस आली म्हणून वाटेल तिथे बर्फावर ही गाडी उडवता येत नाही. परवानगी असलेली बंदिस्त जागा शोधावी लागते. त्यात आमच्या वाल्डॉर्फकडे बर्फ म्हणजे वर्षातून दोनदा गाड्यांच्या काचांवर पडणारी भुकटी. वर श्वार्झवाल्डच्या डोंगरात एका शेतकऱ्याचं मोठं कुरण होतं. पुरेसा बर्फ साचला, की तिथल्या क्लबाला गाड्या फिरवायची मुभा मिळायची. आमची गाडी मात्र खाली सपाटीवर, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याच्या कोठारात. ती त्याच्याकडूनच घेतलेली. त्याची पाठ दुखायला लागली, त्याने ती विकायला काढली, आणि आमच्या घरचा इंजिनियर भुलला.

चालवायचं पुढचं पुढे. आधी तिला डोंगरापर्यंत न्यायचं कसं, यावरच आमच्याकडे दर हिवाळ्यात खल चालायचा. बर्फाचा पत्ता नसायचा आणि आम्ही ट्रेलर की मोठी व्हॅन यावर भांडत असायचो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलीच गत.

त्या हिवाळ्यात बाबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे होते. आई गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. सांगलीच्या घरात ते एकटे कसे राहतील, म्हणून मीच हट्टाने बोलावून घेतलं होतं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पण मनाने अजून मोटरसायकलवरच बसलेले. बदली झाली की आमचं सामान ट्रकने जायचं, आई आणि मी एसटीने, आणि बाबा मोटरसायकल मात्र ट्रकात चढवू द्यायचे नाहीत. ती स्वतः चालवत नव्या गावी घेऊन यायचे, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. वाहनाला वाहनात घालणं म्हणजे घोड्याला पालखीत बसवणं, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की बाबांना रंग चढायचा. स्नोमोबाइलला ते बर्फगाडी म्हणायचे.

"पण जावईबापू, बर्फगाडी स्वतःच चालत का नाही जात तिथपर्यंत?"

"बाबा, तिला पुढे चाकं नाहीत, घसरपट्ट्या आहेत. डांबरावर चालवली तर वाट लागेल."

"म्हणजे पालखीशिवाय गत्यंतर नाही."

"गेनाऊ," नवरा म्हणायचा. अगदी बरोबर, या अर्थाचा हा शब्द त्याच्या जिभेवर इतका बसला होता, की तो सासऱ्यांपुढेही सुटायचा. बाबांनीही तो उचलला. वरणात मीठ बरोबर पडलंय का विचारलं तरी ते गेनाऊ म्हणू लागले.

नवऱ्याच्या मते उघडा ट्रेलर हा वेडेपणा होता. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ट्रेलरवरची गाडी डोंगरावर पोचेपर्यंत खारवलेल्या कैरीसारखी होणार, घसरपट्ट्या आणि सगळे सांधे गंजणार. शिवाय ट्रेलर जोडला की वेग कमी ठेवावा लागतो, आणि आमच्या गाडीला ट्रेलर अडकवायचा हूकही नव्हता. हूकचा प्रश्न सहकाऱ्याने सोडवला होता. त्याच्याकडे हूक असलेली जुनी लांबलचक मोटार होती आणि ट्रेलरही होता. दोन्ही घेऊन जा, म्हणाला. त्याच्या मोटारीत पाच जण ऐसपैस बसले असते. पण ट्रेलर लावून आपल्याला रिव्हर्स घेता येत नाही, हे माझा नवरा मेला तरी कबूल करणार नाही. त्याऐवजी तो मिठावर भाषण देतो.

शेवटी ठरली ती भाड्याची व्हॅन. गाडी आत, कोरडी, कुलूपबंद. मागे फळी लावायची, वर ढकलायची, पट्ट्यांनी आवळायची. सगळं उत्तम. फक्त अशा व्हॅनला पुढे तीनच सीट असतात आणि आम्ही होतो चौघं: आम्ही दोघं, आमची दहा वर्षांची मुलगी आणि बाबा. मागे सामानात माणसं बसवत नाहीत. लहानपणी टेम्पोत दाटीवाटीने बसून लग्नाला गेलेल्या मलाही ते इथे इतकं पटलेलं आहे, की हा विचारही मनात आला नाही.

दुसरा विचार मात्र आला होता. मी आमची गाडी घेऊन, बाबांना शेजारी बसवून, व्हॅनच्या मागोमाग जाऊ शकले असते. पण घाटातल्या बर्फाळ वळणांवर गाडी चालवायची मला धास्ती वाटते, आणि त्या आठवड्यात ऑफिसने मला अगदी पिळून काढलं होतं. मी तो विचार बोललेच नाही.

शनिवारी बर्फ पुरेसा असेल असा निरोप क्लबाकडून आला. मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही येणार का?"

बाबा म्हणाले, "मी कशाला? नको. तुम्ही जा."

"बरं," मी म्हटलं.

संपलं. त्यांच्या 'नको'ने सीटचं गणित चुटकीसरशी सुटलं होतं. मला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

खरं तर बाबांचं 'नको' म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. त्यांना काहीही विचारा, आधी 'नको' येणार. पोळी, दुसरा चहा, नवा सदरा, सिनेमा. मग आई पुन्हा विचारायची, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा विचारताना त्यांच्या होकाराची वाटही न बघता पोळी पानात पडलेली असायची. "ते नको म्हणतायत म्हणजे वाढ," असं ती मला शिकवायची. पहिल्या खेपेला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा, अशा घरात बाबा वाढले. आई असेपर्यंत त्यांचं काही अडलं नाही. आता विचारणारी मी होते, आणि मी एकदाच विचारलं.

याला माझं एक जुनं शहाणपण कारणीभूत होतं. जर्मनीत आले त्या पहिल्या हिवाळ्यात याच सहकाऱ्याच्या घरी केक खायला बोलावलं होतं. त्याच्या बायकोने बशी पुढे केली, मी आपली सवयीने नको म्हटलं, आणि बशी शांतपणे पुढच्याकडे गेली. पुन्हा आलीच नाही. भुकेने कासावीस होऊन घरी आले आणि भाताचा कुकर लावला. त्या दिवसापासून मी ठरवलं, हवं तर हो म्हणायचं, नको तर नको. याचा मला अभिमान होता. भारतात गेले की मी या साधेपणावर प्रवचनं द्यायचे. इथली माणसं कशी सरळ, आपला आग्रह म्हणजे कसा छळ, वगैरे. बाबा ऐकून घ्यायचे आणि हसायचे.

शुक्रवारी संध्याकाळी कोठारातून गाडी व्हॅनमध्ये चढवली तेव्हा बाबा होते. जुनी गाडी, तिला रिव्हर्स गिअर नाही. एकदा आत गेली की बाहेर काढताना हाताने ओढावी लागते. बाबांनी मागून जोर लावला. फळी ओली होती, घसरपट्ट्या सरकत होत्या, नवरा जर्मनमध्ये शिव्या देत होता, आणि बाबांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून मी न पाहिलेला उत्साह होता. गाडी आत बसल्यावर ते तिच्यावर हात टेकून थोडा वेळ उभे राहिले. मग सीटवर बसून दोन्ही हातांनी हँडल धरून पाहिलं. व्हॅनच्या अंधाऱ्या पोटात, पट्ट्यांनी बांधलेल्या गाडीवर. आम्ही हसलो, मुलीने फोटो काढला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा बाबा आवरून बसले होते. मी आणून दिलेला जाड कोट, मफलर, पायात बूट. मला वाटलं, खाली सोडायला येतायत. तसे ते आलेच. व्हॅनचं मागचं दार उघडून त्यांनी पट्ट्या ओढून पाहिल्या. मग पुढे येऊन सीटकडे बघत म्हणाले, "बरोबर तिघांपुरती जागा आहे, नाही?"

"गेनाऊ," नवरा म्हणाला.

मुलीला मराठी समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. गाडी वळल्यावर तिने विचारलं, "वारुम कोम्ट आजोबा निश्ट मिट?" आजोबा का येत नाहीत?

"त्यांना नको आहे," मी म्हटलं. तिला ते पुरलं. ती इथेच वाढली आहे.

तो दिवस फार छान गेला, याचंही मला वाईट वाटतं. मुलीला पुढे घेऊन नवऱ्याने फेऱ्या मारल्या, मीही मारल्या. संध्याकाळी घरी आलो तर बाबांनी खिचडी करून ठेवली होती आणि पापड भाजले होते. "कशी झाली सफर?" त्यांनी विचारलं. "मस्त," आम्ही म्हटलं आणि खिचडीवर तुटून पडलो. अंग ठणकत होतं. मी फोनवरचा व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तरी त्या इंजिनाचा आवाज चालूच होता. ते व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघत होते.

पुढे बर्फ गेला, बाबाही मार्चमध्ये परत गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही हूक असलेली मोटार घेतली आणि छोटा बंद ट्रेलरही. नवरा सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रविवार रविवार घालवून रिव्हर्स शिकला. आता पाच जणांची जागा होती आणि आम्ही तिघं होतो.

यंदा दिवाळीनंतर मी सांगलीला गेले. संध्याकाळी बाबांचे खात्यातले दोन मित्र आले. मी चहा घेऊन गेले तर त्यातले एक काका म्हणाले, "काय गं, बाबांना बर्फावर पळवलंस म्हणे! या वयात!"

मी बाबांकडे पाहिलं. ते चहात बिस्किट बुडवत होते.

"आम्हाला सगळं सांगितलंय त्यांनी," दुसरे काका म्हणाले. "लेकीने जावयाने कसं हौसेने नेलं. एकटं घरी ठेवलं नाही म्हणून."

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की आम्ही त्यांना नेलं. आपण घरी राहिलो हे कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर लोकांनी मला नावं ठेवली असती. आणि गाडी फळीवरून कशी चढवली, रिव्हर्स नाही म्हणून ओढावी कशी लागते, मिठाचा त्रास काय, हे सगळं त्यांनी अगदी तपशिलाने सांगितलं होतं. तेवढं त्यांनी पाहिलं होतं ना.

"पण प्रत्यक्ष चालताना कसं वाटतं, ते नीट सांगत नाहीत," काका म्हणाले.

"तूच सांग," बाबा म्हणाले. "तुला चांगलं सांगता येतं."

मग मी सांगितलं. आधी पोटात इंजिनाची थरथर होते. मग पायाखालची जमीन मऊ होते, रस्त्यावरच्यासारखे धक्के बसत नाहीत. बर्फाचे कण गालावर टोचतात. वळताना अंग झुकवावं लागतं, मोटरसायकलसारखंच. कुरणाच्या वरच्या टोकाला गेलं की खाली सगळं झाड न् झाड पांढरं दिसतं, आणि इंजिन बंद केलं की कानाला दडे बसल्यासारखी शांतता. बोलता बोलता माझं लक्ष बाबांकडे गेलं. काका आपले चहा पीत ऐकत होते. बाबा मात्र खुर्चीच्या कडेला सरकून, कप हातात तसाच धरून, एकेक शब्द ऐकत होते. व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं. आणि त्या संध्याकाळी मी त्यांना फक्त "मस्त" म्हणाले होते.

मंडळी गेल्यावर मी कपबशा उचलल्या नाहीत. बाबांच्या शेजारी बसले.

"बाबा, या हिवाळ्यात चला. आता मोठी गाडी आहे. ट्रेलर आहे. भरपूर जागा आहे."

"नको गं."

"चला ना. मी तिकीट काढते, व्हिसाचं सगळं मी बघते."

"अगं, नको."

मी तिसऱ्यांदा विचारलं. विमानतळावर चाकांची खुर्ची सांगू, कुठे चालावं लागणार नाही, मी इथून न्यायला येते, परत सोडायला येते, असं सगळं एका दमात बोलले.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगदी आईसारखी मागे लागलीस," ते म्हणाले. मग दुसरा हात गुडघ्यावर चोळत म्हणाले, "पण आता खरंच नको, बाळ. हे गुडघे बसू देत नाहीत आता तेवढं."

त्यांचं ते 'नको' मला लगेच ओळखू आलं. ते खरं होतं.