तापीकाठी चौदा टन

नंदुरबार स्टेशनाबाहेर भाचा मला घ्यायला आला तो क्रेन घेऊन. मला घ्यायला आजवर बैलगाडी आली आहे, दुधाचा टेम्पो आला आहे, एकदा तर शववाहिका आली होती (ड्रायव्हर ओळखीचा होता); क्रेन मात्र पहिल्यांदाच. पिवळीधमक, जिराफासारखी मान पुढे काढलेली, आणि कुशीवर हातभर आकड्यांत लिहिलेलं : १४ टन. माझी देहयष्टी पाहता योग्य तेच वाहन आलं आहे असं वाटून मी पिशवी सावरत थेट केबिनकडे निघालो.

"मामा, हिच्यावर एकच माणूस बसतो," हेमंत म्हणाला. "मी."

हेमंत हा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. अक्का शेतकी कॉलेजात शिकायला गेली आणि पदवीबरोबर खानदेशी नवराही घेऊन आली, तेव्हापासून आम्हा सांगलीकरांचं एक घर तापीकाठी प्रकाशाजवळ आहे. हेमंतने ही क्रेन नुकतीच घेतली होती. नंदुरबारला तो वजन बांधायचे जाड पट्टे आणायला आला होता आणि येता येता मामाही आणायचा होता. पट्टे क्रेनवर गेले. मामा गेला शेजारच्या भटू नानांच्या मोटरसायकलवर.

भटू नानांचे दोन ट्रॅक्टर पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर ऊस ओढतात, आणि हसल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही. "मामा, घट्ट बठा. आपले क्रेनना मांगेच जानं शे," (आपल्याला क्रेनच्या मागेच जायचंय) असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. क्रेन चालते म्हातारीच्या प्रदक्षिणेच्या वेगाने. त्यात शहराबाहेर मिरचीच्या पथारी लागल्या (उघड्या मैदानावर वाळत घातलेली मिरची). मैलभर लाल जमीन. डोळ्यांना सोहळा, नाकाला शिक्षा. वेगाने जाणारा माणूस दोन शिंकांत सुटतो. मी किती शिंकलो ते मोजलं नाही, पण नानांचा शर्ट पाठीकडून ओला झाला होता.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी केबिनमध्ये डोकावलो. सीटच्या बाजूला एक तक्ता चिकटवला होता, आकड्यांनी गच्च भरलेला. हेमंत त्याला लोड चार्ट म्हणतो. मला वाटलं, ही तर क्रेनची कुंडली.

"तसंच समजा," तो म्हणाला. "इथं उभी ओळ म्हणजे बूम, ही पुढची मान, किती बाहेर काढलाय. आडवी ओळ म्हणजे वजन क्रेनपासून किती लांब आहे. दोन्ही जिथं भेटतात तो आकडा खरा."

मी बोट फिरवलं. वजन अगदी नाकासमोर असेल तरच चौदा टन. थोडं लांब गेलं की पाच. आणखी लांब, तर दोन. शेवटच्या घरात एक टनसुद्धा नव्हता. त्यातूनही हूक आणि पट्ट्यांचं वजन वजा करायचं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे सगळं टणक, सपाट जमिनीवर.

"मग बाहेर एवढं मोठं चौदा कशाला लिहिलंय?"

"पत्रिकेत मुलगा गोरा, उंच, निर्व्यसनी लिहितात ना मामा, तसं."

भटू नाना खदखदून हसले. मीही हसलो. पण चहाचा ग्लास परत देताना माझं लक्ष पुन्हा त्या शेवटच्या घराकडे गेलं.

घरी अक्काने कळण्याची भाकरी केली होती (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), सोबत वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. खांद्यावर उपरणं टाकून दाजी आले, म्हणजे हेमंतचे वडील, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात. दाजी जुन्या वळणाचे. ते बोलतात कमी, आणि बोलले की विषय संपतो. नदीकाठच्या जॅकवेलमधला पंप (नदीचं पाणी शेताकडे चढवणारी खोल सिमेंटची विहीर असते, तिच्यातला) गाळात रुतून बंद पडला होता. केळी माना टाकायला लागली होती. तिकाटणं (तीन खांबांची घोडी) लावून पंप ओढून पाहिला, तर त्याचाच पाय वाकला. मिस्त्री म्हणत होता की पंप जागेवरच खोलून तुकड्यातुकड्याने काढू. दाजींनी त्याला वाटेला लावलं होतं.

"उद्या हेमंतची क्रेन एका दमात काढंल," ते मला म्हणाले. "मी गावाला सांगून ठेवलंय."

हेमंत भाकरी मोडत राहिला. अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या भाकरीला मी नको म्हणालो.

सकाळी तापीवर गेलो. प्रकाशाची देवळं कोवळ्या उन्हात, संथ पाणी, पाण्यावर बगळे. वर्णनाला एरवी मी एक पान घेतलं असतं. पण काठावर पोचलो आणि मला फक्त माती दिसायला लागली. काळी, वरून तडकलेली, भाकरीच्या पापुद्र्यासारखी, आणि टाच रोवली की खाली ओली. जॅकवेलच्या अलीकडून पाण्याची मोठी लोखंडी नळी आडवी गेलेली. क्रेनला तिच्या अलीकडेच थांबावं लागणार होतं. म्हणजे मान लांब, वजन दूर.

काठावर निम्मं गाव जमलेलं. हेमंतने टेप लावून अंतर मोजलं, तक्त्यावर बोट ठेवलं, पुन्हा मोजलं. मी हळूच विचारलं. तो ओठ न हलवता म्हणाला, "चार्टमध्ये जेमतेम दीड टन. पंप आणि नळ्या मिळून तेवढंच. पण गाळ किती धरून बसलाय ते कुठल्याच चार्टमध्ये नाही."

"मग दाजींना सांग."

"तुम्ही सांगितलं असतं, तुमच्या वडिलांना? गावासमोर?"

आमच्या वडिलांना मी एकांतातही काही सांगितलं नव्हतं.

नारळ फुटला. हेमंत केबिनमध्ये चढला. पट्टे ताणले गेले, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि विहिरीत काहीच हललं नाही. हललं ते मागे. क्रेनची मागची चाकं जमिनीवरून उठली. सावकाश, एखादा म्हातारा खुर्चीतून उठतो तशी. खाली तळहात सरकेल एवढी फट पडली आणि त्या फटीतून मला पलीकडची नदी दिसली. मग हेमंतने पट्टा सैल सोडला आणि चाकं धप्पकन खाली बसली.

तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

आता कुणीतरी शहाणपणाचं बोलेल असं मला वाटलं. बोलले भटू नाना, आणि अगदी अनुभवाचं बोलले. उसाची भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर तोंड वर करतो. मग वजनासाठी चार गडी त्या तोंडावर उभे करतात आणि कारखाना गाठतात. "मन्हा ट्रॅक्टर रोज उठस," ते म्हणाले. "हाई मांगेतून उठस. मंग मांगे दहा माणसं बठाडा, काय व्हत नही." (ही मागून उठते, तर मागे दहा माणसं बसवा.)

काठावरच्या प्रत्येकाने हे आयुष्यभर पाहिलेलं होतं. माना हलल्या. हेमंतने वडिलांकडे पाहिलं. दाजींनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, "बठाडा."

गडी चढले. लग्नाच्या टेम्पोवर चढावं तसे, हसत, एकमेकांना हात देत. हेमंत मधल्या वेळात पट्टे तपासत भटू नानांजवळून गेला, त्यांच्याशी काही पुटपुटला आणि केबिनकडे वळला. लगेच नानांनी मला हाक मारली. "मामा, या ना. तुम्ही एकटा चार माणसंना बरोबर शेतस."

सगळे हसले. एरवी अशा हाकेवर मी नमस्कार करत रंगमंचावर जातो. गेलोही. चाकावर पाय ठेवला, दोघांनी वर ओढलं, आणि मागच्या लोखंडावर जागा मिळाली. तिथून क्रेनची मान सरळ विहिरीकडे गेलेली दिसत होती. मानेच्या अलीकडे काचेत हेमंतचं डोकं, मागून, लहानपणी मी तेल लावून द्यायचो तेवढंच. आणि मला एकदम कळलं की हा दहा माणसांचा भार तो जागेवर आहे तोवरच भार आहे. चाकं उठली की माणूस काय करतो? माझं शरीर मला ठाऊक आहे. बेडूक उडाला तर मी उडतो.

मी उभा राहिलो. आवाज सवयीने मोठा निघाला.

"दाजी, एक सांगतो. ही मागची चाकं बोटभर जरी उठली ना, तर मी उडी मारणार. विचार करून नाही, आपोआप. मी गेलो की चार माणसांचं वजन गेलं. ते पाहून हे बाकीचे उडी मारणार. मग मागे कुणी नाही, आणि पुढे तुमचा मुलगा. हेमंतच्या चार्टमध्ये सगळं लिहिलंय, पण घाबरट मामाचं घर त्यात नाही. मला बसवून तुम्ही वजन मोजू नका."

हशाचा असा फवारा उडाला की पाण्यावरचे बगळे उठले. गडी मांड्यांवर थापा मारत होते. एकजण म्हणाला, मामा उडी मारस तर मी त्याना पहिले मारसू. दुसरा म्हणाला, तू तर आतेच एक पाय खाली सोडेल शे. पाहिलं तर खरंच सोडलेला होता. हसता हसता तो उतरला. मग आणखी एक.

दाजी हसत नव्हते. ते केबिनकडे बघत होते. मग क्रेनपाशी चालत गेले आणि मुलाला म्हणाले, "कागद काय सांगस?"

"इथून एका दमात नही सांगत, आबा. तुकडे करसूत तर सांगस."

"मंग मिस्त्रीले बलाव."

बस, एवढंच. मी खाली उतरून त्या मोठ्या नळीवर बसलो. मिस्त्री आला, गंजलेले बोल्ट तासन्‌तास खोलत राहिला. आधी मोटर, मग एकेक नळी, हलकी, विनातक्रार वर आली. शेवटचा गाळातला तुकडा पाण्याचा फवारा मारून सुटा केला, आणि त्याच्याबरोबर एक रागावलेला खेकडाही बाहेर आला. काम दुसऱ्या दिवसावर गेलं. प्रत्येक तुकड्याला दाजी टेपचं एक टोक धरून उभे होते आणि आकडा मोठ्याने वाचत होते. मागची चाकं पुन्हा हलली नाहीत. त्यांच्याकडे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

पुढचे दिवस आनंदात गेले. सारंगखेड्याला जाऊन आलो, शेवभाजी हादडली, आणि गावभर मी 'उडी मारणारा मामा' झालो. मी मान लववून ते बिरूद स्वीकारत होतो, कारण आतून मी स्वतःला भाच्याचा तारणहार समजत होतो. सांगलीत ही गोष्ट कशी सांगायची, कुठे थांबायचं, सगळं ठरवून झालं होतं.

निघताना हेमंतने मला मोटरसायकलवरून स्टेशनला सोडलं. फलाटावर पिशवी ठेवत त्याने विचारलं, "मामा, खरं सांगा. उडी मारली असती?"

"सगळ्यांच्या आधी."

"माहीत होतं." तो हसला. "म्हणून तर नानांना म्हटलं, मामालाही चढवा."

गाडी आली. त्याने मला धरून डब्यात चढवलं, हात हलवला आणि गेला. दोंडाईचा येईपर्यंत मला अपमान वाटत होता. त्यानंतर मी एकटाच हसायला लागलो, आणि समोरच्या बाईंनी पोराला जवळ ओढून घेतलं.

सांगलीत मी ही हकीकत आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितली आहे, दर वेळी फलाटाच्या अलीकडे थांबून. इथे मात्र शेवटपर्यंत लिहावी लागली, कारण हे हेमंत वाचणार आहे.