ओगावाच्या तळहातावरचं दही

एक मूर्खपणा सांगतो. हसायचं ते शेवटी हसा, मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही.

नागोयाच्या एका विद्यापीठात मी पोस्टडॉक. आमच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी होता, ओगावा. कॉलेजच्या बेसबॉल टीमचा मुख्य पिचर, म्हणजे आपल्या हिशोबानं हुकमी बोलर. टीमनं लीग जिंकून बरीच वर्षं झाली होती आणि ओगावाचा हा शेवटचा सीझन. एप्रिलपासून तो टाय लावून कंपनीत बसणार. तेव्हा आत्ता नाही तर कधीच नाही.

पहिल्या मॅचच्या सकाळी तो लॅबमध्ये रिपोर्ट ठेवायला आला. माझ्या डब्यात दही होतं. आता सांगा, महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाला आपण तसंच जाऊ देतो का? मी त्याच्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली.

"आमच्याकडे हे खाऊन निघतात. काम फत्ते होतं."

ओगावा तळहाताकडे बघत राहिला. मग कमरेत वाकला, "आरिगातो गोझाइमासु" असे आभार मानून हात तसाच समोर धरून बाहेर गेला. मला वाटलं, मोठ्यांसमोर हात चाटायला लाजत असेल.

त्या दिवशी टीम जिंकली.

मग काय, मॅच असली की मी दही घेऊन दारात हजर. दुसरी मॅच जिंकली, तिसरी, चौथी. विरजण आईनं पुण्याहून दिलेलं आहे, हेही माझं लॅबभर सांगून झालं.

"अरे, पण त्याला दही आवडतं का, विचारलंस?" माझी बायको मेधा म्हणाली.

"जिंकतोय ना? मग झालं तर."

पाचवी मॅच जिंकली की विजेतेपद पक्कं होतं. मी चमच्याऐवजी वाटीच भरली आणि ओगावाला दारातच अडवलं. "आज इथेच खा, माझ्यासमोर. सावकाश." त्यानं डोळे मिटून वाटी रिकामी केली आणि जाताना तीनदा वाकला.

तिसऱ्या इनिंगला तो पोट धरून मैदानाबाहेर गेला, तो परत आलाच नाही. टीम हरली. आता सगळं शेवटच्या मॅचवर आलं.

माझं निदान तयार होतं. घरचं दही संपलं म्हणून त्या दिवशी मी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, तयार दही आणलं होतं. "विकतच्या दह्यानं घात केला," मी मेधाला सांगितलं.

शेवटच्या मॅचला मी स्वतः लावलेलं दही घेऊन थेट मैदानावर गेलो. ओगावानं तळहात पुढे केला, वाकला आणि टीमच्या बसमागे गेला. नऊच्या नऊ इनिंग त्यानं एकट्यानं टाकल्या आणि लीग जिंकली. मी स्टँडमध्ये उभा राहून चक्क रडलो.

विजयाच्या पार्टीत आमचे प्रोफेसर म्हणाले, "कुलकर्णी-सान, दोन शब्द बोला."

दोन शब्द आणि मी? मोडक्या जपानीत दहा मिनिटं दह्यावर बोललो. शेवटी नम्रपणे म्हणालो, "खेळली ती पोरंच. माझा आपला खारीचा वाटा."

सगळी टीम आपापल्या ग्लासात बघायला लागली. ओगावा उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"कुलकर्णी-सान, माफ करा. मला लहानपणापासून दूध-दही पचत नाही. तुम्ही इतक्या प्रेमानं देत होता, नाही म्हणवेना. मी दर वेळी बाहेर नळावर हात धुवून जायचो."

"म्हणजे एकदाही खाल्लं नाहीस?"

"एकदा खाल्लं," तो खाली बघत म्हणाला. "वाटीभर."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याचा शेवटचा सीझन मी घालवत होतो आणि माफी तो मागत होता.

तेवढ्यात टीमचे कोच, पासष्टीचे गंभीर गृहस्थ, माझ्यासमोर येऊन वाकले.

"कुलकर्णी-सान, एक विनंती आहे. पुढच्या सीझनला हे दही समोरच्या टीमच्या पिचरला देता येईल का?"