देवदत्तचे अकरा पास

आमचा देवदत्त खांबेटे सात वर्षं अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक क्वार्टरबॅक होता, असं सांगितलं की इथल्या, अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळातली माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग हातातल्या साबुदाणा वड्याकडे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. धिप्पाड गडी अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की चेंडू कुणाकडे फेकायचा. एवढं समजावलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग आम्ही नाव कसं नाही ऐकलं?" नाही ऐकलं, कारण तो राखीव होता. सात वर्षांत त्याने खऱ्या सामन्यांत अकरा पास टाकले, तेही एकाच दुपारी.

मी त्याचा सख्खा काका नाही. त्याचा बाप जगन्नाथ आणि मी स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करताना आणखी दोघांबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. चौघांत मिळून एक कुकर आणि एक ट्रान्झिस्टर. त्यावर क्रिकेटची कॉमेंटरी खरखरत लागायची. एकदा हिवाळ्यात जगन्नाथ चहा घेऊन शेजारी बसला आणि विकेट पडली. उठून गेला, परत येऊन बसला, पुन्हा पडली. "पनवती आहेस लेका, बाहेर उभा राहा," मी म्हणालो. तो मुकाट्याने जॅकेट चढवून बर्फात जाऊन उभा राहिला आणि आपण मॅच जिंकलो. झालं, पुढची तीन वर्षं मॅच असली की जगन्नाथची जागा जिन्यात. आम्ही पोट धरधरून हसायचो. काय दिवस होते ते! अक्कल कमी होती, पण दिवस फार चांगले होते.

पुढे जगन्नाथला ॲन आर्बरला नोकरी लागली. देवदत्त तिथलाच. एका खंडेनवमीला कांचनवहिनींनी जगन्नाथच्या कॅल्क्युलेटरशेजारी पोराचा लांबुळका चेंडू पूजेत मांडला. चेंडूला हळदकुंकू वाहिलेलं बघितलं तेव्हाच मी ओळखलं, हा काही इंजिनिअर होत नाही. कॉलेजात तो उत्तम खेळला. व्यावसायिक संघांनी निवड केली तेव्हा मात्र याचं नाव कुणीच घेतलं नाही. नंतर एका संघाचा फोन आला, राखीव म्हणून ये.

राखीवाने आठवडाभर सगळा सराव करायचा आणि रविवारी टोपी घालून कडेला उभं राहायचं. दर ऑगस्टमध्ये, मोसम सुरू होण्याआधी, यादीतून नाव कापलं जाईल की काय, ही धाकधूक. सात वर्षांत तीन शहरं झाली. त्याने कधी कुरकुर केली नाही. फक्त सामन्याआधी वळून संघाच्या बाकामागे दुसऱ्या रांगेत बघायचा. तिथे जगन्नाथ असायचा. वहिनींना पोराला आपटलेलं बघवायचं नाही, म्हणून त्या घरीच थांबायच्या. जगन्नाथने मात्र संघाच्या गावचा एकही सामना चुकवला नाही. बाबांनी आपल्याला या मोठ्या मैदानावर एकदा खेळताना बघावं, एवढीच देवदत्तची इच्छा होती.

सातव्या वर्षी, नोव्हेंबरमधल्या एका सामन्याला मीही शेजारी होतो. मुख्य क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला. देवदत्तने टोपी काढली आणि हेल्मेट चढवलं. मी आनंदाने ओरडलो, आणि जगन्नाथ उठला.

"कुठे निघालास?"

"जरा जाऊन येतो."

मी मागे धावलो. पॉपकॉर्नच्या स्टॉलपाशी मैदानाकडे पाठ करून, डोळे मिटून तो उभा होता.

"मी बघितलं की पडतं, तुला माहितीये," तो म्हणाला.

"अरे, तू मटेरियल सायन्सचा डॉक्टर ना?"

"मूर्खपणा आहे, कळतं मला. पण पोराच्या बाबतीत रिस्क नको यार. आणि शपथ आहे तुला, कुणाला सांगू नकोस. सांगितलं की फुकट जातं."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. देवदत्तने अकरा पास टाकले, सात झेलले गेले आणि अकराव्याने सामना जिंकला. जगन्नाथने ते सगळं लोकांच्या आरोळ्यांवरून ओळखलं. पुढच्या रविवारी मुख्य गडी परतला आणि देवदत्तच्या डोक्यावर पुन्हा टोपी आली. त्यानंतर कुठल्याच संघाचा फोन आला नाही.

आता तो चँडलरच्या एका शाळेत गणित आणि फुटबॉल शिकवतो. वहिनी गेल्यावर जगन्नाथही त्याच्याकडे राहायला आला. बापलेक औषधं आणि एसीचं तापमान सोडून फारसं बोलत नाहीत. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की जगन्नाथची नजर अधू होत चाललीय, वर्षभरात बरीचशी जाईल. त्याला गाडीत बसवून आम्ही दोघं बाहेर उभे होतो.

"गुरुकाका," देवदत्त म्हणाला, "त्या गेमला मी वर बघितलं. सीट रिकामी होती. बाबांना वाटलं असणार, आय वुड फेल. इतकी वर्षं विचारलंच नाही मी."

मी शपथ मोडली. जिन्यापासून पॉपकॉर्नपर्यंत सगळं सांगितलं, पनवती हे नाव मीच ठेवलं तेही. त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला. मग एवढंच म्हणाला, "सॅटर्डे मॉर्निंग. शाळेच्या ग्राउंडवर. तुम्ही झेलायचं."

शनिवारी जगन्नाथला सावलीत घडीच्या खुर्चीवर बसवलं. देवदत्त त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. "बाबा, आज स्कोअर नाहीये. हरायला काहीच नाहीये. प्लीज, डोळे उघडे ठेवा."

जगन्नाथने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली आणि सदुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यासकट धावत सुटलो. देवदत्तने दोन पावलं मागे घेतली आणि हात फिरवला. चेंडू सरळ, सुंदर, माझ्या छातीवर आला. मी दोन्ही हातांनी धरला आणि तो निसटून गवतात पडला.

"बघ! सांगितलं होतं ना!" जगन्नाथ खुर्चीतून उठून ओरडला. "मी बघितलं आणि सुटला!"

देवदत्त हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. "बट यू सॉ इट, बाबा? बघितला ना?"

"बघितला," जगन्नाथ म्हणाला. मग पुन्हा खुर्चीत नीट बसला, चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"टाक अजून एक. आज सगळे अकरा बघतो."