मुलुंड ते बोरिवली: मंदाताईंच्या दारापर्यंत पळत

मुलुंडहून बोरिवलीला साधारणपणे कुणी पळत जात नाही. बस आहे, रिक्षा आहे, आणि दोन्हींचा कंटाळा आला तर जाणंच रद्द करायची सोय आहे. मी फेब्रुवारीतल्या एका रविवारी पळत गेले. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. कुणाला हा रस्ता करायचा असेल तर उपयोगी पडेल ते सगळं लिहिणार आहे. पण का गेले ते आधी सांगते.

मी प्रज्ञा. वय त्रेचाळीस. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर तपासते. चार वर्षांपूर्वी स्वतःची तपासली आणि पळायला लागले. हे 'पळायला लागले' माझ्या बाबतीत वर्षातून चार-पाच वेळा तरी म्हणावं लागतं. तीन आठवडे मस्त जातात. मग एक दिवस चुकतो, त्या एकाचे दहा होतात आणि बूट खाटेखाली जातात. सगळे उपाय करून झालेत. अलार्म स्वयंपाकघरात ठेवून पाहिला, भिंतीवर तक्ता लावून पाहिला, पळायचे कपडे घालूनच झोपूनही पाहिलं. त्याने एवढाच फरक पडला की सकाळी मी पळायच्या कपड्यांत झोपलेली असायचे.

त्यातल्या त्यात टिकले ते मंदाताईंमुळे. मंदाताई आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहतात, एकट्या. वय एकसष्ट. टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर पळायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत. वेग असा की भाजी आणायला निघालेली माणसं त्यांना मागे टाकतात. पण सव्वापाच म्हणजे सव्वापाच, त्या गेटवर उभ्या. दोन वर्षं आम्ही आठवड्यातून तीनदा बरोबर पळत होतो. म्हणजे त्या पळत होत्या, मी जमेल तेव्हा.

डिसेंबरातल्या एका सकाळी सव्वापाचला त्यांचा फोन आला. मी जागी होते. फोन उशाशी थरथरत होता, त्यावर त्यांचं नाव दिसत होतं, आणि मी तो वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. सहा वाजून गेल्यावर मेसेज टाकला, 'ताप आलाय, सॉरी.' त्या दिवशी मंदाताई एकट्याच गेल्या, आणि फूटपाथच्या वर आलेल्या एका फरशीला ठेचकाळून पडल्या. डावं मनगट मोडलं. ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवावी लागली.

आणि याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्या हॉस्पिटलमधून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडच्या कामवाल्या मावशी डबा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. मऊ भात, वर तूप, बाजूला मेतकूट. म्हणाल्या, "ताईंनी पाठवलाय. तुम्हाला ताप होता ना?"

मी तो भात खाल्ला. सगळा.

त्यानंतर लेक त्यांना बोरिवलीला घेऊन गेली. मी दोनदा रिक्षाने भेटून आले, दोन्ही वेळा फिजिओथेरपी आणि हवा यांवर बोलून परतले. फोनवर त्या विचारायच्या, "पळणं चालू आहे ना गं?" मी म्हणायचे, "हो, चालू आहे." चालू नव्हतं. एका रात्री जेवताना मला वाटलं की एका खोटेपणावर दुसरा चढतोय, आता निदान दुसरा तरी खरा करूया. मुलुंडहून बोरिवलीपर्यंत एकदा पळायचं, असं आमचं दोघींचं कधीपासून ठरलेलं होतंच. त्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात केली. पाच आठवड्यांत चौदा दिवस पळाले. फार नाही, पण खरे होते.

तर आता रस्ता.

सकाळी सव्वापाचला निघाले. पाठीवर छोटी सॅक, त्यात पाण्याच्या दोन बाटल्या, चार खजूर, एक कोरडा टी-शर्ट. पहिले सहा किलोमीटर एलबीएस रोडने भांडुपवरून गांधीनगरच्या नाक्यापर्यंत. रस्ता सपाट, दिवे भरपूर. पण फूटपाथवर मान खाली घालूनच पळा, कारण चांगला फूटपाथ कुठे संपतो ते तोच ठरवतो. भांडुपला फुलवाले टोपल्या उतरवत होते, झेंडूचा ओला वास येत होता. गांधीनगरला चहाची टपरी पहाटेपासून उघडी असते. मी अर्धा चहा घेतला, पोट गच्च असेल तर पुढे चढ त्रास देतो.

तिथून उजवीकडे वळलं की जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. याचं कौतुक मी करणार नाही. धूळ, ट्रक, आणि पवईपर्यंत अंगात भरत जाणारा हळूहळू चढ. साडेसहाच्या सुमारास पवईचा तलाव दिसला तेव्हा बरं वाटलं. पाण्यावर धुकं होतं. काठावर फिरायला आलेले दोन काका माझ्या पुढे चालत होते.

"डॉक्टर म्हणाला, साखर सोडा नाहीतर चाला."

"मग?"

"मग काय, चालतोय."

मी हसत त्यांना मागे टाकलं आणि शंभर पावलांत माझंच हसू गेलं. उजवा गुडघा बोलायला लागला होता. नऊ किलोमीटर झाले होते, सोळा बाकी. डोक्यात नेहमीचा आवाज सुरू झाला. तो ओरडत नाही, फार समजूतदार असतो. म्हणतो, इतकं झालं ना, पुष्कळ झालं. म्हणतो, भेटणं महत्त्वाचं, पळणं नाही. शेजारी एक रिक्षा हळू झाली.

"कुठे ताई?"

"बोरिवली."

मी बसले. खरंच बसले. सॅक मांडीवर घेतली, रिक्षा निघाली, गार वारा तोंडावर लागला आणि काय सुख वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्याच क्षणी मला दिसलं की मी मंदाताईंच्या दारात उभी आहे आणि त्या विचारतायत, कशी आलीस? आणि मी काय उत्तर देणार हे मला नक्की माहीत होतं. मी 'पळत' म्हणणार होते.

"थांबवा जरा. उतरते."

"आत्ता तर बसलात! काय झालं?"

"चालत जाते."

"बोरिवलीला?" त्याने मान मागे वळवून माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. "बरं. सांभाळून जा."

पुढच्या वळणावरून फिल्टरपाड्याच्या बाजूने आरेच्या जंगलात शिरता येतं. इथे एक सूचना, उजाडल्याशिवाय शिरू नका. बिबट्या हा इथे गप्पांचा विषय नाही, रहिवासी आहे. मी शिरले तेव्हा सात वाजत आले होते आणि झाडांच्या शेंड्यांवर उजेड होता. रस्ता वरखाली होतो, हवा एकदम दोन अंश गार होते, गुरांच्या शेणाचा आणि ओल्या पाल्याचा वास येतो. चढ मी चालले, उतार पळाले. गुडघ्याशी तसा करार झाला.

अर्ध्या वाटेवर पाड्यातली एक आजी पपया आणि शेवग्याच्या शेंगा मांडून बसली होती. मी थांबून पाणी प्यायले.

"कोण मागं लागलंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही आजी. व्यायाम."

"मग धापा कशाला टाकतेस? बस." तिने पपईची एक फोड कापून हातावर ठेवली. गोड, उन्हाआधीची गार. कुठे निघालीस विचारलं तर म्हटलं, मैत्रिणीकडे. "रिकाम्या हाताने?" मग मी एक पपई घेतली. पुढचे अकरा-बारा किलोमीटर पाठीवर पपई घेऊन पळण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

सव्वाआठला आरे चेकनाक्यावर बाहेर पडले आणि समोर हायवे. गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, सरळ उत्तरेला आठ किलोमीटर. सर्व्हिस रोडने जा, आणि जिथे जमेल तिथे मेट्रोच्या पुलाची सावली धरा. कुरारच्या आसपास एका गाडीवर इडली मिळाली, दोनच खाल्ल्या. हा टप्पा सगळ्यात सोपा असेल असं मला वाटलं होतं, तोच सगळ्यात लांब निघाला. पाहण्यासारखं काही नाही, फक्त खांब. दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. कांदिवलीला ते दोन खांब चालायचं, एक पळायचं असं झालं. विचार करण्याजोगं काही उरलं नव्हतं आणि काय बोलायचं ते पाठ करायचा प्रयत्न केला तर वाक्यं पावलांबरोबर तुटत होती.

पावणेदहाला नॅशनल पार्कच्या गेटाजवळच्या त्यांच्या लेकीच्या इमारतीत पोचले. दार नेहाने, त्यांच्या लेकीनेच, उघडलं. "अगं प्रज्ञाताई! पळत?" आतून मंदाताई आल्या. डाव्या हातात रबरी चेंडू होता, तो दाबण्याचा व्यायाम चालू होता. मला वरपासून खालपर्यंत पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की क्षणभर मला वाटलं, राहू दे, आज नको.

नेहा पाणी आणायला आत गेली. मी बसलेही नव्हते.

"ताई, त्या दिवशी मला ताप नव्हता."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं.

"मग काय होतं?"

"काही नाही. जागी होते. तुमचा फोन वाजताना बघत होते. उठावंसं वाटलं नाही."

चेंडू दाबायचा थांबला. त्या म्हणाल्या, "पडले ते तुझ्यामुळे नाही. माझं लक्ष नव्हतं. तू असतीस तर तुलाही घेऊन पडले असते."

माझा श्वास सुटला. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"मी अर्धा तास उभी होते गं तिथे. पावणेसहापर्यंत. मला वाटलं घरात काही झालं की काय. वर येऊन बेल वाजवू का, वाजवू का, असं करत राहिले. आणि तो भात. मावशी यायच्या आधी तांदूळ धुवून ठेवावेत म्हटलं, एका हाताने. निम्मे सिंकमध्ये सांडले."

"मी खाल्ला तो," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

"चांगला झाला होता?"

"हो."

"राग आलाय मला."

"येऊ दे ना ताई."

"तुझी परवानगी नाही मागितलेली." त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नेहा पाण्याचा तांब्या घेऊन आली, आमच्याकडे बघून तो ठेवून गेली.

मी तेव्हाच निघायला हवं होतं बहुतेक. पण पाय उठत नव्हते, अगदी खरोखरच्या अर्थाने. नेहाने थालीपीठं केली, पपई कापली. मंदाताई समोर बसून खात होत्या, माझ्याकडे न बघता. दुसरं थालीपीठ संपत आल्यावर त्यांनी विचारलं, "आरेत कुठून शिरलीस?"

"फिल्टरपाड्याकडून."

"चढ पळालीस?"

"नाही. चालले. पवईला रिक्षात पण बसले होते. पन्नास एक मीटर."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला असं मला वाटलं. नक्की सांगता येणार नाही.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "एक ऐक. मला कारण सांगत जाऊ नकोस. यायचं नसेल तर 'झोपलेय' एवढं लिही. मी पुढे जाईन. पण उभी करून ठेवू नकोस."

परतताना नॅशनल पार्कसमोरून ठाण्याची बस पकडली आणि पुढे रिक्षा. घोडबंदर रोडने वळसा पडतो, पण बसायला मिळालं की वळशाची तक्रार कोण करणार? घरी पोचले तर माझ्या लेकीने दारातच विचारलं, "आई, पूर्ण पळालीस?" मी म्हटलं, "नाही. सोळा-सतरा पळाले असेन, बाकी चालले." ती म्हणाली, "तरी भारी आहे." दोन दिवस मी जिने उलटे उतरत होते, कठडा धरून.

या प्रवासाने मी शिस्तीची झाले असं लिहायला आवडलं असतं. मार्चमध्ये मंदाताई मुलुंडला परत आल्या आणि आमचं पळणं सुरू झालं. तिसऱ्याच आठवड्यात, एका गुरुवारी, मी पाच वाजता डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि लिहिलं, 'झोपलेय.' उत्तर आलं, 'बरं.' मी कूस बदलली आणि झोपले. उठल्यावर वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दिवसभर कुठलाही ताप सांभाळावा लागला नाही, आणि शुक्रवारी उठणं सोपं गेलं. आजवर असं पाच वेळा लिहिलंय. त्या एका दिवसाचे दहा मात्र झालेले नाहीत.

मंदाताईंचा राग गेला का, ते मी विचारलेलं नाही. त्या पूर्वीपेक्षा कमी बोलतात आणि माझ्या अर्धं पाऊल पुढे पळतात. कॉलनीच्या टोकाला टेकडीकडे जाणारा चढ लागला की माझा श्वास फुलतो, तो त्यांना ऐकू जातो. तेव्हा त्या मागे वळून बघत नाहीत. वेग तेवढा कमी करतात.