पोटातल्या पोराला अधिक महिना कळत नाही

अधिक महिना मोजायचा नसतो, हे पोटातल्या पोराला तुमच्यापैकी कोणी सांगितले होते? तुमचेच ऐकून मी दोन वैशाखांचा एक धरला आणि आज तोंडघशी पडले. असो. विहीणबाई आणि वाडीतल्या सगळ्या बायांनो, परळहून नमस्कार.

दुपारी सूनबाई तांदूळ निवडता निवडता पोट धरून बसली. "सासूबाई, आत काहीतरी फडफडतंय!" माझ्या मोजणीने चौथाच महिना चाललेला, मग ही फडफड पोराची कशी? चाळीतल्या सुईणीला हाताला धरून ओढत आणले.

तिने पोट चाचपले आणि मलाच हसली. "अगो, पोर हलतंय! पाचवा सरत आला हिचा. मधला महिना तू गिळलास काय?"

सूनबाई एकदम हसायला आणि रडायला लागली. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. लाथ चांगली जोरकस आहे, खोटे कशाला बोलू?

आता नीट ऐका. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे. नारळी पौर्णिमेला आगबोटी पुन्हा सुरू झाल्या की सातव्यात पाठवीन, असे मी ठरवले होते. पण तेव्हा आठवा लागलेला असेल, आणि आठव्यात मी तिला उंबऱ्याबाहेर सोडणार नाही. म्हणून पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत तिच्या भावाला न्यायला पाठवा.

व्याही "बघू" म्हणत पावसाळा काढतील. विहीणबाई, उत्तर तुम्हीच द्या, आणि उलट टपाली द्या.