फॉरेनचा वास

आमच्या घरात फॉरेन ओळखायचं ते नाकानं. लहानपणी आखातातून काका आले की त्यांची बॅग उघडायची आणि आतलं काही काढण्याआधी आम्ही सगळ्यांनी आत तोंड खुपसून श्वास घ्यायचा. साबण, चॉकलेट, नवं प्लॅस्टिक, सगळं मिळून एक वास. "फॉरेनचा वास!" असं माझा दादा डोळे मिटून म्हणायचा. आता त्यानं साठी ओलांडलीय. बँकेतून निवृत्त झालाय, प्रभादेवीच्या आमच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर होऊन त्याच्या दाराशी लिफ्ट आलीय. नाक मात्र अजून त्या बॅगेतच आहे.

आईला पक्षाघात झाला, तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. कळायचं सगळं. व्यायामासाठी तिला आठवड्यातून दोनदा परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. खालपर्यंत चाकाच्या खुर्चीतून ती नीट यायची, विटंबना व्हायची ती टॅक्सीच्या दाराशी. एकानं तिच्या काखेत हात घालायचे, दुसऱ्यानं पाय उचलायचे, टपाला डोकं आपटू नये म्हणून मान दाबायची. साडी पोटऱ्यांवर जायची आणि मागचे हॉर्न वाजवत राहायचे. घरातसुद्धा जिचा पदर कधी ढळला नाही ती माझी आई अशा वेळी डोळे गच्च मिटून घ्यायची. तिला चारचौघांत माणसासारखं गाडीत बसता यावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून दादानं जपानहून आलेली एक वापरलेली गाडी शोधली तेव्हा मी खूश झाले. बटण दाबलं की तिची पुढची सीट वळून बाहेर येते, खाली उतरते आणि बसलेल्या माणसाला घेऊन पुन्हा आत जाते. लालबागमध्ये एका पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. एजंटनं बटण दाबलं, सीट अलगद खाली आली आणि मला भरून आलं.

मग मी आत डोकं घातलं. वर मोगऱ्याचा भडक स्प्रे आणि त्याच्याखाली काहीतरी कुजलेलं. मी डोकं बाहेर काढलं.

"कसला घाणेरडा वास येतोय हा? पाण्यात बुडाली होती का गाडी?"

"ताई, टेन्शन नका घेऊ. बोटीतून आलीय ना, बंद होती. दोन दिवस काचा खाली ठेवा, एकदम फ्रेश."

पलीकडच्या दारातून दादानं केव्हाच आत तोंड खुपसलं होतं. डोळे मिटलेले. "अगं, फॉरेनचा वास हा! विसरलीस? आणि जपान म्हणजे काय हिंदमाता आहे, पाणी तुंबायला?"

एजंट खो खो हसला. चावी फिरवल्यावर गाडीच्या स्पीकरमधली बाई जपानीत काहीतरी गोड बोलली, तर दादानं चक्क तिच्यापुढे मान झुकवली. दारावरचा जपानी स्टिकर मी नखानं खरवडायला गेले तेव्हा त्यानं माझ्या हातावर चापट मारली. ओरिजिनल आहे म्हणे. मी नको नको म्हणत राहिले आणि त्यानं गाडी घेतली.

सिद्धिविनायकाला नेऊन पूजा केली, चाकांखाली लिंबं चिरडली आणि मग आईला बसवलं. खोटं का बोलू, सीटनं काम चोख केलं. साडी जागची हलली नाही. आईनं इकडेतिकडे पाहिलं, जरा ताठ बसली. पण काचा वर झाल्या, एसी लागला आणि तो वास जागा झाला. परळच्या सिग्नलला आईचा रुमाल सीटच्या फटीत पडला. मी मागून वाकून हात घातला, मॅट उचकटली आणि बोटं मऊ, गार लगद्यात रुतली. हात बाहेर काढला तर काळा चिकट चिखल, त्यात बारीक शिंपले आणि कुणाचा तरी अर्धा कुजलेला मोजा. कुठल्या तरी देशातला कुणाचा तरी पूर आम्ही हार घालून घरी आणला होता.

मी हात दादाच्या नाकासमोर धरला. "हा घे तुझा वास."

त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "तिकडची माती आहे गं ती. आपल्या गटारासारखी घाण नसते."

मला त्या मोज्याची आली नसेल एवढी किळस माझ्या सख्ख्या भावाची आली.

आई माझ्या हाताकडे बघत होती. तिनं डाव्या हातानं पदर नाकाला लावला आणि स्वच्छ, खणखणीत म्हणाली, "शी!"

दादानं गाडी तिथेच बंद पाडली. "आई बोलली! अगं, आई बोलली!" त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हॉस्पिटलच्या दारातून त्यानं दादर ते गिरगाव सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. गाडीत बसली आणि बोलली, गाडीचा पायगुण बघा!

"काय बोलली ते तरी ऐकलंस का?" मी विचारलं.

"ते जाऊ दे गं. बोलली ना?"

संध्याकाळी टॉवरमध्ये पेढे वाटले गेले. गाडी परत कर म्हणून मी भांडले, तर पायगुणाची गाडी कुणी परत करतं का, असं मलाच ऐकावं लागलं. आता आईला न्यायच्या दिवशी शेजारीपाजारी मुद्दाम खाली येऊन उभे राहतात. सीट बाहेर येते. आई डाव्या हातानं चाकाच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून ठेवते. दादा तिची बोटं एकेक करून सोडवतो, अगदी प्रेमानं. सीट तिला घेऊन आत जाते.

"शी," आई म्हणते.

"बघितलंत?" दादा सगळ्यांना सांगतो. "आता दर वेळी बोलते."