गव्हाला पाणी आणि एक हादरवणारं शीर्षक

माझा ब्लॉग वाचणारे एकूण दोघेजण होते. त्यांतला एक मी. दुसऱ्याचा शोध चालू होता.

मी केजच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आयुष्यभर पुस्तकांवरची धूळ झटकली, आता थोडी आपणही निर्माण करावी म्हणून लिहू लागलो. ‘ग्रामीण सिंचनपद्धती : एक दृष्टिक्षेप’ अशा थाटाची शीर्षकं असत. (दृष्टी टाकायलाही कोणी फिरकलं नाही.) शेवटी पुण्यात जाहिरातीचं शिकून आलेल्या पुतणीनं, सोनालीनं, मला समोर बसवलं.

“काका, ह्ये शीर्षक हाय का सातबारा?”

“मग कसं पाहिजे?”

“अर्धं सांगायचं, अर्धं झाकायचं. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पायजे. आन् त्यात मानूस आना की! सिंचनपद्धतीला कोन विचारतंय?”

मला माणूस घरातच सापडला. शेतीची वीज आमच्याकडे रात्री येते. माझे थोरले भाऊ, म्हणजे सोनालीचे वडील दादा, कंबर धरल्यामुळं गोळी घेऊन झोपले होते. त्यांना न उठवता पोरगी बॅटरी घेऊन शेतात गेली, मोटार चालू केली, गव्हाला पाणी दिलं आणि घरी येऊन झोपली. एवढंच. मी त्यावर लेख लिहिला आणि वर शीर्षक ठोकलं : ‘लग्न ठरलेली मुलगी घरच्यांना न सांगता रात्री शेतात गेली... पुढे जे घडलं ते वाचून हादराल!’

(शब्दन् शब्द खरा होता. लग्न तलवाड्याच्या मुलाशी ठरलं होतं, साखरपुडा तोंडावर होता.)

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते टाकलं आणि चहा घेतला. संध्याकाळपर्यंत शीर्षक तालुका ओलांडून गेलं. लेख मात्र जागेवरच होता.

दादांचा फोन आला. “काय लिवलंस बे? तलवाड्याचे पाव्हणे उद्या येत्यात. बोलायचंय म्हनले. साखरपुड्याआधी कशापायी बोलायचंय त्यांना?”

“लेखावर चर्चा करायची असेल,” मी म्हणालो. (लेखकाला एवढी आशा असतेच!)

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आणि मामा जीपनं उतरले. वहिनींनी पाणी आणलं. कोणी तांब्याला हात लावला नाही. आमच्या भागात सोयऱ्यानं पाणी नाकारलं, की सोयरीक मोडली असं समजायचं. पुढचं बोलणं नुसतं रीत म्हणून. दादा पांढरेफटक. वहिनी तांब्या धरून तशाच उभ्या.

मामांनी खाकरून सुरुवात केली. “पोरगी रातच्याला शेतात कशापायी गेलती?”

“मोटार चालू कराया,” दादा म्हणाले.

“मोटारीनं मानूस हादरत न्हाई.”

मी मध्ये पडलो. “तुम्ही लेख वाचलात का?”

“वरचं वाचलं. वरचंच एवढं हाय, तर खालचं कोन वाचतंय? घरात बायापोरी हायेत!”

दारामागून सोनाली थेट बैठकीत आली. डोळे लाल होते, आवाज मात्र खणखणीत. “काका, वाचा आता. सगळा वाचा. एक ओळ बी गाळायची न्हाई.”

मी चष्मा लावला. उठून जाता येणार नाही असे श्रोते मला प्रथमच लाभले होते.

सुरुवात मोटेपासून होती. मोटेवरून मी ऑइल इंजिनावर आलो, तेव्हा मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अश्वशक्तीची व्याख्या आली, तेव्हा ते लोडाला टेकले. स्टार्टरच्या रचनेपर्यंत त्यांचं घोरणं सुरू झालं होतं.

मुलाचे वडील नेटानं जागे होते. “पोरगी कवा येती ह्याच्यात?”

“येतेच आता. आधी ठिबकचे फायदे आहेत.”

“किती फायदे?”

“बरेच.”

दादांनी कपाळाला हात लावला. सोनाली म्हणाली, “वाचा काका, थांबू नका!” मी वाचलं. अखेर पोरगी शेतात पोचली, मोटार सुरू झाली आणि पाण्याच्या वेगाचा विषय निघाला. तेव्हा मुलाच्या वडिलांनी मला हात जोडले.

“बास, पाव्हणे, बास! ज्या घरातली भानगड ऐकून मानसाला झोप लागती, त्या घरात भानगड हायच कुठं? आना ते पानी, इनबाई!”

ते घटाघटा प्याले. मामांना प्यायला हलवून उठवावं लागलं.

साखरपुडा झाला, लग्नही झालं. लग्नात पुढाऱ्यांनी एकामागून एक आशीर्वादपर भाषणं ठोकली. जेवणं उरकली, तरी मंडळी खुर्च्या सोडीनात. मंडपवाला घाई करू लागला. तेव्हा व्याही मला शोधत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्या आदरानं म्हणाले, “पाव्हणे, मांडव रिकामा करायचाय. चार शब्द बोला की!”